बोट ट्रेलरवर चढण्याआधी: मोटर यॉट रस्त्याने लांब न्यायची तयारी

मुंबईहून गोव्याला मोटर यॉट न्यायची तर सरळ वाट समुद्राची. तरीही काही बोटी रस्त्यानेच जातात. कधी सौदा मे महिन्याच्या अखेरीस ठरतो आणि पावसाळ्यात लहान बोटींना समुद्र बंद असतो. कधी इंजिन उघडून पडलेलं असतं, तर कधी नव्या मालकाकडे बोट घेऊन जाईल असा तांडेल नसतो. मग लो-बेड ट्रेलर शोधला जातो, भाडं ठरतं, आणि 'आता ड्रायव्हर बघेल' म्हणून मालक मोकळा होतो. नुकसानीची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. ड्रायव्हरला ट्रेलर कळतो, बोट कळत नाही.

बोट पाण्यात असते तेव्हा तिचं वजन तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर वाटलेलं असतं. ट्रेलरवर तेच दहा टन पाच-सहा ठोकळ्यांवर येतात. समुद्रातले हेलकावे मोठे पण संथ असतात. रस्त्याचे धक्के बारीक असतात आणि तासन् तास थांबत नाहीत, त्यामुळे नट-बोल्ट आपोआप सैल होतात. पुढची सगळी तयारी याच दोन गोष्टींसाठी आहे.

हिशोबाला १२ मीटर लांबीची, म्हणजे चाळीस फुटी, वर फ्लायब्रिज (केबिनच्या छतावरची बोट चालवायची जागा) असलेली दोन डिझेल इंजिनांची यॉट धरू. रुंदी ३.९ मीटर, वजन साडेनऊ-दहा टन.

आधी उंची

परवानगी, मार्ग, भाडं, सगळं उंचीवर ठरतं, आणि नेमकी तीच अंदाजाने सांगितली जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात पाण्यापासून वरची उंची असते. आपल्याला हवी ती कीलच्या (तळाच्या मध्यावरच्या लांब कण्याच्या) खालच्या कडेपासून सर्वांत वरच्या, न निघणाऱ्या भागापर्यंतची. बोट जमिनीवर सरळ उभी असताना वरच्या टोकावर आडवी फळी ठेवायची आणि गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने ती पातळी बाजूच्या भिंतीवर किंवा बांबूवर उतरवून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चूक झालीच तर एखाद्या सेंटिमीटरची.

आपल्या बोटीची उंची रडारच्या कमानीसकट ४.९ मीटर भरली असं धरू. ट्रेलरचा बेड ०.९५ मीटर, त्यावर ठोकळे ०.२०. एकूण ६.०५ मीटर. या उंचीवर रस्त्यावरची प्रत्येक वायर आपली शत्रू. कमान उतरवली आणि वरचं टोक फ्लायब्रिजच्या काचेचं राहिलं तर ३.७ अधिक १.१५, म्हणजे ४.८५. काच आणि तिची चौकट काढली की आणखी तीस-चाळीस सेंटिमीटर वाचतात.

खालच्या बाजूचाही हिशोब असतो, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शाफ्टवर, म्हणजे इंजिनापासून मागे जाणाऱ्या दांड्यावर, चालणाऱ्या बऱ्याच यॉटचे पंखे (प्रोपेलर) कीलपेक्षा खाली लोंबतात. ते वीस सेंटिमीटर खाली असतील तर बोट तेवढी उचलून ठेवावी लागते, वर धक्क्यासाठी हातभर फट सोडावी लागते, आणि सगळी उंची डोक्यावर वाढते. पंखे काढले की बोट खाली बसते. सुकाणूची पाती किती खोल आहेत तेही मोजा. ती आड येत असतील तर बेडच्या मोकळ्या जागेत येतील अशी बोट मांडता येते का ते पाहा, नाहीतर तीही उतरवा.

मोटार वाहन नियमांतल्या ९३ व्या नियमात रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. ३.९ मीटरची बोट म्हणजे उघडउघड ओव्हर डायमेन्शनल कार्गो, ठरलेल्या मापाबाहेरचा माल. त्याची परवानगी वाहतूकदार काढतो, पण आकडे तुम्ही दिलेले असतात. ते चुकले तर परवाना असूनही गाडी अडते.

विक्रीचा माल असेल तर ई-वे बिल लागतं, आणि तिथे एक साधा खड्डा आहे. साध्या मालाच्या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, ओव्हर डायमेन्शनल मालाची दर २० किलोमीटरला एक दिवस. सहाशे किलोमीटरसाठी पहिल्या हिशोबाने तीन दिवस मिळतात, दुसऱ्याने तीस. बिल भरणाऱ्याने वाहनाचा प्रकार निवडताना चूक केली की ट्रेलर महाडच्या आसपास पोचेपर्यंत बिल संपतं. असा ट्रेलर दिवसाला किती चालेल ते घाट, गर्दी आणि परवान्यातल्या वेळा यांवर अवलंबून असतं.

विम्याचं म्हणाल तर बोटीची नेहमीची पॉलिसी रस्त्यावरच्या प्रवासाला लागू आहे असं गृहीत धरू नका. तसं लेखी करून घ्या. वाहतूकदाराच्या जबाबदारीवरही विसंबू नका. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, मालाची जादा किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल तर त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. समजा भाडं दोन लाख. मग भरपाईची कमाल वीस लाख. यॉटची किंमत याच्या शेजारी लिहून बघा.

मार्गाची पाहणी लहान गाडीतून, उंचीएवढा बांबू सोबत घेऊन करायची. पुलांची भीती कमी. घरांकडे जाणाऱ्या विजेच्या आणि केबलच्या वायरी, झाडांच्या फांद्या, गावाच्या स्वागतकमानी आणि विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकांपुढची लोखंडी उंचीकमान जास्त त्रास देतात. लो-बेड रस्त्याला जवळ असतो, त्यामुळे उंच गतिरोधकावर तो पोटावर टेकतो. असे गतिरोधक नोंदवून ठेवा. घाटात वळणाच्या आतल्या बाजूला ट्रेलर किती कापेल आणि बाहेरच्या बाजूला बोटीचं मागचं टोक किती फिरेल, दोन्ही बघायचं. आणि गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी काही दिवस बंदी लागते. ते आठवडे आधीच कॅलेंडरवर खोडून टाका.

पाण्याबाहेर

बोट उचलायला खास ट्रॅव्हल लिफ्ट असेल तर उत्तम. नसेल तर जेट्टीवर क्रेन येते, आणि स्वस्तात पडते म्हणून बऱ्याचदा हायड्रा (छोटी फिरती क्रेन) मागवली जाते. दहा टनी बोटीला 'बारा टनी हायड्रा' पुरत नाही. क्रेनची लिहिलेली क्षमता हूक जवळ असतानाची असते. बोट जेट्टीपासून पाच-सहा मीटर लांब असली की ती निम्म्याहूनही खाली येऊ शकते. क्रेनचा लोड चार्ट मागा आणि त्या अंतरावरचा आकडा वाचा. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून उचलायची वेळ भरतीची धरायची.

पट्टे दोन, रुंद, आणि वर बोटीपेक्षा रुंद स्प्रेडर बार. स्प्रेडर नसला की पट्टे वर जाताना एकमेकांकडे झुकतात आणि बोटीच्या दोन्ही कडा लिंबासारख्या पिळल्या जातात. पट्टे कुठे घालायचे याच्या खुणा बहुतेक बोटींच्या कडेला असतात. मागचा पट्टा शाफ्टवर किंवा त्याच्या ब्रॅकेटवर येऊ द्यायचा नाही. पुढच्या पट्ट्याची तऱ्हा वेगळी: नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तळ वर चढत जातो, त्यामुळे तो पुढे घसरतो. दोन्ही पट्टे दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोरीने बांधून टाकले की घसरत नाहीत. दोन दोऱ्यांचं काम, पण न केल्यास बोट नाळेवर पाण्यात पडू शकते.

बाहेर आल्याबरोबर तळ ओला असतानाच धुवायचा. बार्नकल (तळाला चिकटलेले कवचाचे जीव) वाळले की दगड होतात. बोट पुढे एखाद्या धरणाच्या जलाशयात जाणार असेल तर धुणं दुप्पट काळजीने; बंदरातले शिंपले गोड्या पाण्यात नेऊन सोडणं हे पाप सहज टाळता येतं. इंजिन गोड्या पाण्याने फ्लश करायचं.

मग टाक्या. डिझेलचं एक लिटर साधारण ८४० ग्रॅम. हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर ८४० किलो उगाच वाहून न्यायचे, शिवाय प्रत्येक ब्रेकला ते टाकीत पुढे-मागे आदळणार. पाव टाकीपेक्षा जास्त ठेवू नये. पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची टाकी पूर्ण रिकामी, गरम पाण्याचा हीटरही. एक्झॉस्टमधल्या पाण्याच्या डब्याचं बूच काढून तो कोरडा करायला विसरू नका. घाटात बोट तिरकी होते, ब्रेक लागतो, आणि त्यातलं पाणी उलट दिशेने इंजिनात शिरू शकतं. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं आणि कुणी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बिल्जमधलं (बोटीच्या आत तळाशी असलेल्या पोकळीतलं) तेलकट पाणी पुसून कोरडं करायचं आणि तळाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जाईल. हे बूच सुकाणूच्या चाकाला लाल कापडासकट बांधा. खिशात ठेवलेलं बूच घरी जातं आणि बोट पाण्यात.

पंखे

शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर पंखा घट्ट बसतो, फिरू नये म्हणून मध्ये चावी असते. काढताना पुलरच वापरायचा. हातोड्याने पाती ठोकणं आणि गॅसने तापवणं हे दोन्ही जेट्टीवर नेहमी दिसतं आणि दोन्ही चूक. पातं एवढंसं वाकलं तरी इंजिनाच्या वेगात ती थरथर सगळ्या बोटीला कळते. मुख्य नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे सैल करून शाफ्टवरच ठेवायचा, कारण पंखा सुटतो तो बंदुकीसारखा आवाज करून, आणि वीस-तीस किलोचा पितळी गोळा पायावर यायला वेळ लागत नाही. डावा-उजवा पंखा, त्याची चावी आणि नट एकत्र बांधून खूण करून ठेवा.

पुढे बसवतानाची एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. आधी चावी न घालता पंखा शाफ्टवर दाबून बसवायचा आणि त्याची पुढची कड कुठे येते तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मग काढून, चावी घालून पुन्हा बसवायचा. पंखा त्याच रेघेपर्यंत आला तर ठीक. अलीकडेच थांबला तर तो शाफ्टच्या निमुळत्या भागावर न बसता चावीवर चढलाय; मध्यरेषेवर बसणार नाही आणि थरथरेल.

स्टर्नड्राइव्ह (पंख्यासकट मागे बाहेर लोंबणारा पाय) असेल तर पाय वर घेऊन लाकडी टेकू किंवा लॉकचा आधार द्या, नुसत्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या भरवशावर सोडू नका. ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, पूर्ण वर. वेग मोजायचं तळाचं छोटं चाक काढून त्याच्या जागी बूच.

वरचं सामान

रडारची कमान उतरवताना वायरींना कापायचं नसतं, जोडणीपाशी सोडवायचं असतं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा, आणि सोडवण्याआधी फोटो काढा. स्टेनलेसचे बोल्ट स्टेनलेसच्या नटात कोरडेच फिरवले तर धातू धातूला चिकटून जाम होतात. परत लावताना अँटिसीझ पेस्ट लागते. कमानीची भोकं उघडी ठेवू नका. डेकच्या दोन पातळ थरांमध्ये बऱ्याच बोटींत हलकं बाल्साचं लाकूड असतं, एका वळवाच्या पावसात पाणी आत शिरलं की ते कुजायला लागतं आणि दोन वर्षांनी डेक पायाखाली मऊ लागतो. सीलंटची टोपी किंवा रबरी बूच, दोन्हींपैकी काहीही चालेल.

बिमिनी (कापडी छत), सीटची कव्हरं, झेंडा, लाइफबॉय, अँटेना, सगळं खाली. नांगर नाळेवरच्या रोलरवरून काढून साखळीच्या कप्प्यात आडवा बांधा. डिंगी आणि बाहेरचं छोटं इंजिन वेगळ्या गाडीतून. गॅस सिलिंडर आणि धोक्याच्या खुणेच्या फ्लेअर्स बोटीतून उतरवा; बंद केबिन मे महिन्याच्या उन्हात भट्टी होते.

ताडपत्रीवर आमचं मत स्पष्ट आहे: घालायची तर ताणून, जागोजागी बांधून, नाहीतर घालूच नका. सैल ताडपत्री वाऱ्यात फडफडते, तिच्याखाली धूळ अडकते आणि सहाशे किलोमीटर ती जेलकोटला (बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला) पॉलिशपेपरसारखी घासत राहते. बोट उघडी नेली तर ती फक्त धुळीने माखते. खिडक्या आणि हॅचच्या फटींवर रंगाऱ्यांची कमी चिकट टेप लावा. पॅकिंगची तपकिरी टेप उन्हात भाजून निघाली की तिचा डिंक काढता काढता नाकी नऊ येतात. बोट शक्यतो नाळ पुढे करून चढवा. बऱ्याच हॅचची झाकणं समोरच्या वाऱ्याने दाबली जातील अशी बिजागरी असते. उलटी नेली तर तोच वारा त्यांना उघडतो.

आत फारसं अवघड काही नाही. ड्रॉवरना टेप, फ्रिज रिकामा आणि दार बोटभर उघडं बांधलेलं, टीव्ही भिंतीवरून काढून गादीवर पालथा, मायक्रोवेव्हची काच टॉवेलमध्ये. बॅटरीच्या वायरी काढताना आधी निगेटिव्ह, आणि टोकांना टेप. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण बिल्ज पंपाची वायर बऱ्याचदा स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते.

ठोकळे आणि पट्टे

आता खरं काम. दहा टनांपैकी बहुतेक सगळा भार कीलखालच्या ठोकळ्यांनी घ्यायचा. बाजूचे टेकू बोट कलंडू नये एवढ्यासाठी. त्यांनी वजन उचलायचं नाही. टेकू कुठेही लावता येत नाहीत. बोटीच्या आत आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात, आणि तळाशी लांबीच्या दिशेने पसरलेल्या मजबूत पट्ट्या असतात, त्या स्ट्रिंगर. टेकू यांच्याच खाली हवा. मधल्या पोकळ भागावर आला तर तळ आत दबतो, जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात, आणि वाईटात वाईट म्हणजे आतली भिंत तळापासून सुटते. कीलखाली दीड-दोन मीटरवर एक असे कडक लाकडाचे ठोकळे, वर जाड रबर किंवा गालिच्याचा तुकडा. इंजिनं मागे असल्यामुळे मागचे ठोकळे जास्त जवळ. नाळ किंचित वर राहील असं बसवा, म्हणजे पाणी मागच्या बुचाकडे वाहील.

बोट बरोबर बसली की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. क्रेनचे पट्टे सैल झाले की आत जा आणि केबिनची, संडासाची, कपाटांची दारं उघडून मिटून बघा. पाण्यात असताना सहज लागणारं दार आता चौकटीला घासत असेल, तर बोट पिळली गेली आहे. क्रेन अजून उभी आहे तोवरच उचलून ठोकळ्याखाली पातळ फळी सारा. क्रेन निघून गेली की मग 'चालेल' म्हटलं जातं.

बांधायचं किती घट्ट? मालबांधणीच्या युरोपीय प्रमाणात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात. आपल्या बोटीला पुढे सरकण्याविरुद्ध आठ टन, बाजूला पाच. यातला काही भाग रबरावरच्या घर्षणाने मिळतो, उरलेला पट्ट्यांनी. म्हणून पुढे सरकू न देणारे पट्टे सर्वांत भक्कम. ५० मिलिमीटर रुंद पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे वापरायचे आणि लेबलवरचा आकडा वाचायचा: 'पाच टन' हा बहुतेक वेळा दुहेरी वेढ्याचा असतो, सरळ ओढीला त्याच्या निम्मा. साखळी बोटीला कुठेही लागता कामा नये. पट्टे डेकवरच्या क्लीटना (दोरी बांधायच्या खुंट्यांना) बांधू नका. क्लीट आडव्या ओढीसाठी केलेले असतात, तिरक्या जोराने खाली खेचत राहिलं की बोल्टभोवतीचं डेक तडकतं. नाळेवरची आणि ट्रान्समवरची (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवरची) मजबूत कडी वापरा, बाकीचे पट्टे बोटीवरून आडवे घ्या. कडेवर पट्टा जिथे वळतो तिथे जुन्या फायर होजचा तुकडा किंवा गालिचा, आणि त्याखालचा जेलकोट आधी ओल्या फडक्याने पुसलेला. गालिच्याखाली वाळूचा एक कण राहिला तरी गोव्यापर्यंत तो चर पाडतो. पट्ट्याच्या मोकळ्या भागाला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो आणि त्या थरथरीनेच सैल होतो.

पहिल्या वीस-तीस किलोमीटरवर थांबून प्रत्येक रॅचेट ताणून बघायचा. बोट ठोकळ्यांवर तेवढ्यात बसलेली असते आणि निदान एक-दोन पट्टे तरी सैल निघतात. पुढे दर शंभर किलोमीटरवर, आणि घाटाच्या आधी व नंतर. निघण्यापूर्वी चारी बाजूंचे फोटो, ड्रायव्हरला उभं करून.

पोचल्यावर

पट्टे सोडण्याआधी बोटीभोवती फिरून फोटो काढा, पावतीवर काही दिसलं तर तिथेच लिहा. इंजिनांच्या माउंटचे नट, होजचे क्लिप, बॅटरीचे पट्टे एकेक हाताने तपासा. डिझेलच्या टाकीतला गाळ प्रवासात ढवळला गेलेला असतो, म्हणून पहिल्या दिवशी फिल्टर तुंबतात. सेपरेटरमधलं पाणी काढा आणि दोन जादा फिल्टर हाताशी ठेवा.

सुकाणूच्या चाकावरचं बूच लावा. सगळे सीकॉक (तळाच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) बंद ठेवून बोट पाण्यात टेकवा, पण क्रेनचे पट्टे सोडू नका. पंधरा-वीस मिनिटं तशीच, टॉर्च घेऊन बिल्जमध्ये एकजण. मग सीकॉक एकेक करून उघडायचे, प्रत्येकानंतर पाहायचं. शाफ्टला न ठिबकणारं सील असेल तर त्याचा रबरी घोटा हाताने दाबून आत अडकलेली हवा काढा. पाण्याची फुरफूर आली पाहिजे. हवा राहिली तर सील कोरडंच फिरतं आणि जळतं.

शाफ्ट आणि गिअरबॉक्सची रेषा मात्र त्याच दिवशी जुळवायला बसू नका. ठोकळ्यांवर राहिलेला तळ पाण्यात आपला मूळ आकार घ्यायला एक-दोन दिवस घेतो. मग शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून दोन चकत्यांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवा. चार इंची चकतीला वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या फटींतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. तोवर इंजिन चालवायचंच असेल तर धक्क्यापासून मूरिंगपर्यंत, हळू.